भुंगा परदेशी आहे, पण गवत तरी कुठे आपलं होतं?

मागच्या जूनमध्ये आमच्या टेकडीवरच्या सकाळच्या मंडळींत एक वाद झाला आणि तो इतक्या वाईट पद्धतीने झाला की तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे लिहितोय. गाजर गवत उपटायचं श्रमदान ठरवायला पंधरा-वीस जण जमलो होतो. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने सुचवलं की हाताने किती उपटणार, मेक्सिकन भुंगे आणून सोडू, ते फक्त हेच गवत खातात. त्यावर एक ज्येष्ठ काका, ज्यांना टेकडीवरचं झाड न् झाड माहितीये, एकदम तापले. "आधी गवत आलं, आता त्याच्यामागे भुंगा आणा, उद्या भुंग्यामागे पाखरू आणा, थांबणार कुठे?" एका काकूंनी ऑस्ट्रेलियातल्या बेडकांची गोष्ट सांगितली. मुलगा म्हणाला, अहो काकू, निसर्गच निसर्गाला आवरतो, फवारणीपेक्षा तर बरंच ना. मग आवाज चढले, विषय स्वदेशी-विदेशीवर गेला आणि अर्ध्या तासाने श्रमदानाची तारीख न ठरवताच सगळे घरी गेले. या अख्ख्या अर्ध्या तासात एकानेही हे विचारलं नाही की तो भुंगा नक्की काय काय खातो आणि ते कोणी, कसं तपासलंय. आणि ज्या भुंग्याला आणावं की नको यावर आम्ही भांडत होतो तो १९८४ पासून भारतात मोकळा आहे, पावसाळ्यात त्याच टेकडीवर सापडतो, पिवळट पांढऱ्या पाठीवर तपकिरी पट्टे, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. आमच्यातले निम्मे लोक त्याच्या शेजारून रोज चालत जातात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बाहेरून आलेल्या किडीचा किंवा तणाचा त्याच्या मूळ देशातला खास शत्रू शोधून, नीट तपासून इथे आणणं योग्य आहे, आणि बऱ्याच वेळा तोच एक टिकणारा उपाय असतो. त्यात धोका आहे, तो मी नाकारत नाही, पण तो धोका पासपोर्टवरून ठरत नाही. तो ठरतो त्या जिवाच्या खाण्यावरून. एकाच झाडावर किंवा एकाच किडीवर जगणारा जीव आणि दिसेल ते खाणारा जीव यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आपल्याकडचा सगळा वाद हा फरक बाजूला ठेवून चालतो, दोन्ही बाजूंनी.

पुणेकरांनी तर हा वाद जरा जबाबदारीने घालायला हवा, कारण गाजर गवताच्या भारतातल्या आक्रमणाची नोंदच पुण्याची आहे. १९५५ साली पुण्यात उकिरड्यावर ही झाडं दिसली आणि पुढच्या वर्षी ती नोंद छापून आली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर बी आलं असं मानतात, लोक त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी म्हणतं. तिथून ते देशभर गेलं. एक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकतं, बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं, जनावर त्याला सहसा तोंड लावत नाही आणि माणसाला त्याने खाज, पुरळ, दमा असे सगळे त्रास होतात. पुण्यातल्या डॉक्टरांनी त्वचेच्या या आजाराबद्दल १९७० च्या दशकातच लिहिलंय. म्हणजे हे गवत इथे सत्तर वर्षं आहे आणि सत्तर वर्षं आपण ते उपटतोय, जाळतोय, फवारतोय, दरवर्षी गाजर गवत निर्मूलन सप्ताह करतोय. ते कमी झालंय का? तुमच्या सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटकडे बघा.

मेक्सिकोत, जिथलं ते मूळचं, तिथे ते असं माजत नाही. का नाही? तिथली माती वेगळी आहे म्हणून नाही, तर तिथे त्याची पानं खाणारे, खोड पोखरणारे, बी संपवणारे किडे आणि बुरशी हजारो वर्षं त्याच्याबरोबर वाढलेत. इथे ते एकटं आलं. शत्रू तिकडेच राहिले. अशी कीड किंवा असं तण म्हणजे ज्याचा सगळा जाच मागे राहिला आणि ज्याला नवं घर मोकळं मिळालं असा पाहुणा. आपले इथले किडे त्याला ओळखत नाहीत, त्याचं कडू रसायन त्यांना पचत नाही. मग त्याच्या घरच्यांपैकी एखाद्याला बोलवायचं ही कल्पना काही विक्षिप्त नाही, ती अगदी सरळ आहे. प्रश्न एवढाच की कोणाला बोलवायचं.

आता बेडकांची गोष्ट. ती खरी आहे आणि टाळण्यासारखी अजिबात नाही. १९३५ साली हवाईहून शंभरेक मोठे बेडूक क्वीन्सलँडला आणले, उसाच्या भुंगेऱ्यांचा बंदोबस्त करायला. भुंगेरे उसाच्या शेंड्यावर, त्यांच्या अळ्या जमिनीखाली, आणि बेडूक मध्ये जमिनीवर. त्याने ऊस वाचवला नाही, बाकी जे समोर आलं ते सगळं खाल्लं, आणि त्याच्या अंगातल्या विषाने त्याला खाणारी तिथली जनावरं मेली. आज ते कोट्यवधी आहेत. याहून आपल्या जवळची गोष्ट मुंगसाची आहे. १८७२ मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकाला नेली, उसातले उंदीर मारायला, आणि त्यांची पिल्लावळ पुढे १८८३ मध्ये हवाईला गेली. उंदीर रात्री फिरतो, मुंगूस दिवसा. मुंगसाने जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खाल्ली, सरडे खाल्ले, साप खाल्ले. आणि १९७० च्या दशकात ताहिती-मूरिया बेटांवर आफ्रिकन गोगलगायीला मारायला दुसरी एक शिकारी गोगलगाय सोडली, तिने मोठ्या गोगलगायीला सोडून तिथल्या चिमुकल्या, जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या गोगलगायी संपवल्या. त्यांच्या कित्येक जाती कायमच्या गेल्या. हे मी कमी लेखत नाही. एखादी जात संपणं म्हणजे काय याला भरपाई नाही.

पण हे तिन्ही प्रसंग शेजारी ठेवून बघा. बेडूक, मुंगूस, शिकारी गोगलगाय. तिघंही मिळेल ते खाणारे. आणणारे कोण, तर मळेवाले आणि घाईत असलेली सरकारं. इथे आणण्याआधी हा जीव दुसरं काय खाईल याची चाचणी कोणी केली होती? कोणीच नाही. आज कोणी उठून म्हणालं की २०२२ मध्ये मराठवाड्यात गोगलगायींनी सोयाबीन खाल्लं तर तीच शिकारी गोगलगाय आपल्याकडेही आणू, तर विरोधाला सगळ्यात पुढे मी उभा राहीन. पण या तीन उदाहरणांवरून पानावरचा एक भुंगा नाकारायचा म्हणजे बिबट्या माणसावर हल्ला करतो म्हणून दारातली गाय हाकलून देण्यासारखं आहे, दोघंही चार पायांचेच की.

विरोधी बाजूचा खरा जोरदार मुद्दा बेडकाचा नाहीच, आणि तो आमच्या टेकडीवर कोणी मांडलाही नाही, म्हणून मीच मांडतो. अगदी निवडून, तपासून आणलेला कीटकही चुकू शकतो. ऑस्ट्रेलियात निवडुंगाने सुमारे सहा कोटी एकर जमीन गिळली होती, १९२६ पासून अर्जेंटिनाचा एक पतंग सोडला आणि सहा-सात वर्षांत ते बहुतेक निवडुंग कोसळलं, शेतकरी परत जमिनीवर आले, तिथल्या लोकांनी त्या पतंगाच्या नावाने गावात हॉल बांधला. पण ऑस्ट्रेलियात मूळचं निवडुंग एकही नव्हतं म्हणून ते चाललं. तोच पतंग १९५७ मध्ये कॅरिबियन बेटांवर सोडला आणि १९८९ मध्ये तो फ्लोरिडात सापडला, जिथे निवडुंग स्थानिक आहे, काही जाती आधीच दुर्मिळ आहेत. पुढे मेक्सिकोला धास्ती, जिथे निवडुंग लोकांच्या ताटात असतं. दुसरं उदाहरण मला जास्त टोचतं. अमेरिकेत १९६९ मध्ये थिसल नावाच्या काटेरी, परक्या तणावर एक सोंडकिडा सोडला. तो तिथल्या मूळच्या भाऊबंद झाडांवरही जाऊ शकतो हे चाचण्यांत दिसलं होतं. तरी सोडला, कारण ती झाडं पीक नव्हती, त्यांची किंमत कोणाच्या हिशेबात नव्हती. पुढे त्याने त्यांचं बी खाल्लं.

हे उदाहरण आपल्या दारात आणून बघा. गाजर गवत सूर्यफुलाच्या कुळातलं. त्याच कुळात आपली करडई, कारळे, शेवंती, झेंडू आहेत. यांच्यावर चाचणी कोणीही करेल, कारण यांच्यामागे शेतकरी आहे, बाजार आहे. पण त्याच कुळात सोनकी पण आहे. भाद्रपदात सिंहगडाच्या उतारावर, पुरंदरवर, कासच्या पठारावर जी पिवळी चादर पसरते ती सोनकी. सोनकीचा भाव मार्केट यार्डात लागत नाही. मग चाचणीच्या यादीत सोनकी असते का? असायलाच हवी. या कुळावर येणारा कुठलाही नवा कीटक आणायचा तर सह्याद्रीतली त्या कुळातली झाडं, विशेषतः जी फक्त इथेच उगवतात ती, यादीत पिकांच्या बरोबरीने हवीत. टेकडीवरच्या काकांना मी हेच सांगितलं, की तुम्हाला झाडं माहितीयेत, तुम्ही विरोध करू नका, तुम्ही यादी द्या. तुमच्या विरोधाने काहीच थांबणार नाही, तुमच्या यादीने चूक थांबू शकते.

आणि एकदा सोडलेला कीटक परत बोलावता येत नाही, हा मुद्दा तर शंभर टक्के मान्य. फवारणी बंद करता येते, भुंगा बंद करता येत नाही. म्हणूनच सोडण्याआधीची वर्षं महत्त्वाची. २००३ च्या आयात नियमांनुसार असा जीव परवान्याशिवाय आणता येत नाही, आणला की आधी बंद क्वारंटाइनमध्ये राहतो, चाचण्या तिथे होतात, बंगळुरूला कृषी कीटक संसाधनांचं राष्ट्रीय ब्युरो हे काम करतं. जगभरात तणांवर सोडलेल्या ५१२ कीटक-बुरशींचा आढावा २०१४ मध्ये निघाला, त्यातल्या नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त जणांनी इतर झाडांचं मोठं नुकसान केल्याचं आढळलं नाही. आता यावर कोणी म्हणेल की आढळलं नाही म्हणजे झालं नाही असं नाही, कारण शोधलं तरच आढळतं. बरोबर आहे. पण मग मागणी काय निघते? सोडू नका ही, की सोडल्यावर नीट शोधा ही? मला दुसरी दिसते.

गाजर गवताच्या भुंग्याचीच कहाणी घ्या, कारण वाद कसा घालावा आणि कसा घालू नये हे दोन्ही तिच्यात आहे. १९८३ मध्ये तो मेक्सिकोतून बंगळुरूला आला, तपासला, १९८४ मध्ये सोडला. १९९१ च्या सुमाराला कर्नाटकात कोलारकडे तो सूर्यफुलाच्या पानांवर दिसला. झाला गदारोळ. तेलबियांचं काय होणार म्हणून शेतकरी घाबरले, आणि ते घाबरणं अगदी योग्य होतं. सोडणं काही काळ थांबलं, केंद्राने समिती नेमली, तपासणी झाली. दिसलं असं की सूर्यफुलावर त्याचा वंश वाढत नाही. शेताच्या बांधावर गाजर गवत खूप, त्याचे परागकण उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसले की भुंगा ती पानं कुरतडतो. याला म्हणतात वाद सोडवणं. शंका आली, थांबले, शेतात जाऊन बघितलं, कारण सापडलं. आमच्या टेकडीवर मात्र तीस वर्षांनीही कोणीतरी "तो सूर्यफूल खातो" एवढंच अर्धं वाक्य घेऊन उभं असतं.

आता दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघू, कारण हा वाद नेहमी असा मांडला जातो की जणू एका बाजूला धोका आणि दुसऱ्या बाजूला शांतता. काहीच न करणं हाही निर्णयच असतो ना? आणि तो कोणाच्या अंगावर पडतो? गाजर गवत शहरात कोण उपटतं? रोजंदारीवरच्या बायका, उन्हात, बहुतेक वेळा हातमोज्यांशिवाय. आमच्या रस्त्यालगतचं गवत काढणाऱ्या एका मावशींचे कोपरापर्यंतचे हात मी बघितलेत, जाड झालेली, चिरा पडलेली कातडी, त्या सांगत होत्या की रात्री झोप लागत नाही इतकी खाज सुटते, आणि तरी दुसऱ्या दिवशी तेच काम. जे लोक म्हणतात निसर्गात ढवळाढवळ नको, हातानेच काढू, त्यांच्यापैकी बहुतेकांचे हात त्यात नसतात. आणि फवारणी? तणनाशक विहिरीकाठी, नाल्याकाठी, शाळेच्या कंपाउंडला मारलं जातं. ग्लायफोसेटवर तर केंद्राने २०२२ मध्ये निर्बंध आणले. पिकांवरच्या कीटकनाशकांचं सांगायला नको, २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. मित्रकीटकाच्या धोक्याची तुलना करायचीच तर याच्याशी करा, कल्पनेतल्या स्वच्छ टेकडीशी करू नका.

माझा चुलत भाऊ दौंड तालुक्यात पपई लावायचा. २०१० च्या आसपास त्याच्या बागेत पिठ्या ढेकूण आला, पण नेहमीचा नाही, वेगळाच. पानं, देठ, फळं, सगळ्यावर कापूस पिंजून टाकल्यासारखा पांढरा थर, खाली चिकट पाणी, त्यावर काळी बुरशी. दादाने दुकानदार सांगेल ते मारलं, आठ दिवसांनी पुन्हा तेच, कारण त्या मेणासारख्या कापसातून औषध आत पोचतच नाही आणि जी परभक्षी ढालकिड्यांसारखी मंडळी थोडीफार मदत करत होती ती मात्र त्याच औषधाने मेली. शेवटी त्याने बाग उपटून बांधावर टाकली. नंतर कळलं की ही मेक्सिकोकडची कीड, भारतात २००८ मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा सापडली आणि दोन वर्षांत आपल्यापर्यंत आली. जुलै २०१० मध्ये पोर्टो रिकोहून तिचे तीन परोपजीवी कीटक बंगळुरूला आणले, डोळ्याला जेमतेम दिसतील अशा बारीक गांधीलमाश्या, ज्या या ढेकणाच्या अंगात अंडी घालतात, अळी त्याला आतून खाते आणि उरतं ते फक्त सालपट. वाढवून त्या तामिळनाडू, कर्नाटक, केरळ आणि आपल्याकडेही सोडल्या गेल्या, आणि काही महिन्यांतच कीड बसली. आज नव्या पपईवाल्याला ती सहसा आठवतही नाही. दादाची बाग गेली ती गेलीच. पण त्याला कोणी जाऊन सांगावं की परदेशी माशी आणणं पर्यावरणाच्या दृष्टीने संशयास्पद होतं, तर तो काय म्हणेल? तीन-तीन, चार-चार औषधं एकत्र करून मारत होता तो, तिथून शंभर पावलांवर गावची विहीर.

आषाढीला आपण जी साबुदाण्याची खिचडी खातो तो साबुदाणा बहुतेक तामिळनाडूतल्या सेलमकडचा असतो, टॅपिओकाच्या कंदाचा. २०२० मध्ये केरळात टॅपिओकावर नवा पिठ्या ढेकूण सापडला, तो सेलमकडे पसरला. हाच ढेकूण १९७० च्या दशकात आफ्रिकेत शिरला होता, जिथे कोट्यवधी गरीब लोकांचं रोजचं अन्नच हा कंद आहे, आणि १९८१ मध्ये दक्षिण अमेरिकेत पराग्वेमध्ये त्याचा शत्रू सापडला, एक बारीक माशी, ती आफ्रिकाभर सोडली आणि उपासमार टळली. ते काम उभं करणाऱ्या हान्स हेरेन यांना १९९५ चं वर्ल्ड फूड प्राइज मिळालं. आपल्या शास्त्रज्ञांनी तीच माशी आफ्रिकेतल्या बेनिनमधून मागवली, क्वारंटाइनमध्ये तपासली आणि २०२२ मध्ये सेलम जिल्ह्यात सोडली. पराग्वे, आफ्रिका, तामिळनाडू. कंद दक्षिण अमेरिकेचा, कीड दक्षिण अमेरिकेची, तिचा शत्रूही तिथलाच, आणि ताट आपल्या एकादशीचं. यातलं नेमकं काय स्वदेशी म्हणायचं? मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा आपण घेतले तेव्हा कोणी विचारलं नाही.

स्वदेशीवाल्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि आपल्याच उसाने तो सिद्ध केलाय. २००२ मध्ये सांगलीकडे उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रात पसरला, पानाखाली पांढरी लोकर, कारखानदारी हादरली. तेव्हा वाचवलं कोणी? कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस या इथल्याच परभक्षींनी, शेतकऱ्यांनी आणि कारखान्यांनी शेडनेटमध्ये ते वाढवले, उसात सोडले. जोडीला आसामातून एक परोपजीवी माशी आणली. म्हणजे घरात शत्रू असेल तर आधी तो वापरा, फवारून मारू नका, हे अगदी मान्य. टाकळ्याचं बी टाकून गाजर गवत दाबायचं हेही त्याच वाटेवरचं, आणि पावसाळ्यात त्याची भाजी मिळते ते वेगळंच. पण घरात नसेल तर? जुन्या माणसांना फड्या निवडुंग आठवत असेल, गावकुसाला, पांदीला, पडीक रानाला वेढून बसलेलं. ते कुदळीने गेलं नाही. १९२६ मध्ये सिलोनहून त्याच्यावरचा पांढऱ्या कापसाचा किडा आणला त्याने गेलं. माझे आजोबा सांगायचे की लहानपणी ते तो किडा चिरडून लाल बोटं एकमेकांच्या शर्टाला पुसायचे. त्याच्याही आधी १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने लाल रंगासाठी ब्राझीलहून किडे आणले, ते चुकीच्या जातीचे निघाले, रंग काही मिळाला नाही, पण उत्तरेतलं दुसऱ्या जातीचं निवडुंग त्यांनी खाऊन टाकलं. जगातलं हे असं पहिलं यश चुकून आपल्याकडेच झालंय.

आणि एक विसंगती तर मला राहवत नाही म्हणून सांगतोच. गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा, ही पाटी वाचतच आपण मोठे झालो. गप्पी दक्षिण अमेरिकेचा, त्याचा भाऊ गंबुशिया १९२८ मध्ये बाहेरून आणला. दोघंही काही फक्त डासांच्या अळ्या खात नाहीत, ते दुसऱ्या माशांची अंडी-पिल्लं, बेडकांची पिल्लं सगळं खातात, आणि पुरात टाकीतून, हौदातून ओढ्यात जातात. इथे खरोखर बेडकाचाच प्रकार आहे, आणि इथे कोणी आवाज काढत नाही. भुंग्याला विरोध करणाऱ्यांनी ही ताकद ओढ्यात मासे सोडण्याविरुद्ध लावली असती तर मी त्यांच्या बाजूला बसलो असतो.

आता त्या कॉलेजातल्या मुलाच्या बाजूचं, कारण तिकडचं मांडणंही तितकंच कच्चं आहे. भुंगे सोडले की झालं, असं काही होत नाही. किडींवर आणलेल्या मित्रकीटकांपैकी जगात साधारण एक तृतीयांश नव्या जागी टिकले, आणि दहातल्या एकानेच खरोखर कीड आवरली. आपल्याकडे घाणेरीवर १९२१ पासून किडे सोडून झाले, घाणेरी अजून टेकडीवर आहेच. आसामात आणि केरळात मिकानिया वेलीवर बुरशी सोडली, ती टिकलीच नाही. गाजर गवताचा भुंगा पावसाळ्यात काम करतो, हिवाळा-उन्हाळा मातीत झोपतो, आणि गवत मात्र जिथे सांडपाणी मिळेल तिथे बारा महिने उगवतं. जलपर्णीचं तर विचारूच नका. तिच्यावरचे सोंडकिडे १९८० च्या दशकात आणले, बंगळुरूच्या तलावांत, मणिपूरच्या लोकताकमध्ये त्यांनी चांगलं काम केलं. पण मुळा, मुठा, पवना, इंद्रायणीत आपण सांडपाणी सोडत राहायचं, म्हणजे जलपर्णीला रोज खुराक घालायचा, आणि भुंग्याने ती संपवावी अशी अपेक्षा करायची? शिवाय दर उन्हाळ्यात यंत्राने ती काढताना तिच्या मुळांत-देठांत जे काही किडे असतील तेही तिच्याबरोबर डंपरमध्ये भरले जातात. नदी स्वच्छ करायच्या कामाला कीटक हा पर्याय नाही आणि जो तसं सांगतो तो फसवतोय.

मला या सगळ्यात आपली सर्वात मोठी चूक दिसते ती आणण्यातली नाही, आणल्यानंतरची आहे. सोडतानाचा फोटो निघतो, डबा उघडताना पाहुणे असतात. पुढच्या पावसाळ्यात तिथे किती भुंगे निघाले, शेजारच्या सोनकीवर कोणी गेलं का, गवत किती कमी झालं, हे बघायला कोण जातं? हे मोजायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही, वही लागते आणि दर आठवड्याला त्याच जागी जाणारा माणूस लागतो. टेकडीवर रोज शेकडो माणसं चालतात. इतकी डोळस फौज फुकट मिळत असताना आपण ती आणावं की नको यावरच भांडण्यात खर्च करतो.

त्या वादानंतर आम्ही चौघांनी वही सुरू केली, त्यात ते तापलेले काकाही आले, सोनकीची आणि तिच्या भाऊबंदांची यादी त्यांचीच. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पायवाटेच्या वळणाजवळ गाजर गवताचा एक पट्टा आम्हाला मिळाला, साधारण दोन रिक्षा उभ्या राहतील एवढा, ज्यात भुंग्यांनी पानं खाऊन नुसत्या शिरा ठेवल्या होत्या, पानाखाली केशरट अंडी, करड्या-पिवळ्या अळ्या. काका गुडघ्यावर बसून शेजारच्या प्रत्येक झाडाची पानं उलटून बघत होते. एकही कुरतडलेलं सापडलं नाही, त्यांनी तसं लिहिलं आणि खाली तारीख घातली. पुढच्या सोमवारी गेलो तर कंत्राटदाराच्या माणसांनी ब्रश कटर लावून तो अख्खा पट्टा कापून नेला होता, अंड्या-अळ्यांसकट, आणि खाली गवताचे खुंट तसेच, आठ दिवसांत फुटणारे. यंदा तरी भुंगे असलेले पट्टे सप्टेंबरपर्यंत कापू नका, आम्ही चुन्याने आखून देतो, असं पत्र आम्ही दिलंय. काकांनी त्याला नकाशा जोडलाय.